कारंज्यात शिवलेली गादी

वऱ्हाडातल्या कारंजा गावच्या कॉलेजात मी खेळाचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच उजाडलं होतं. माझं वय अठ्ठावीस, आणि उजवा गुडघा कायमचा अधू झालेला. शिरपूरकडच्या कुस्त्यांच्या एका दंगलीत माझ्यापेक्षा दीडपट वजनाचा पैलवान अंगावर घेतला, गुडघा आत फिरला आणि माझी कुस्ती तिथंच संपली. नोकरी मिळाली याचा आनंद होता, पण सकाळी उठल्यावर अंग अजून मातीची वाट बघायचं.

प्राचार्य बाहेरगावचे, शिस्तीचे गृहस्थ. पहिल्याच भेटीत म्हणाले, "क्रिकेट बघा, कबड्डी बघा. कुस्ती ही जत्रेतली गोष्ट आहे, कॉलेजातली नाही."

मी म्हणालो, "सर, मला दुसरं काही शिकवता येत नाही."

मग प्रयोगशाळेच्या मागची पडीक जागा वापरायला त्यांनी परवानगी दिली.

आमच्याकडची जमीन काळी. ओली झाली की पायाला धरते, वाळली की भेगाळते. म्हणून तांबडी माती बैलगाडीनं आणवली, चाळली, तिच्यात ताक, तेल, हळद कालवली आणि विद्यार्थ्यांनी स्वतः कुस्तीचा हौदा खणला. आठ-दहा जण रोज सकाळी यायला लागले. त्यात कामरगावहून पहिल्या एसटीनं येणारा एक जण होता. अंगानं सडपातळ, पण मनगट असं की त्यानं एकदा धरलं की सोडवता येत नसे. आईबाप दोघंही शेतमजूर, घर बौद्ध. तो आला आणि पुढच्या आठवड्यात चार जण यायचे बंद झाले. त्यातला एक पाटलाचा मुलगा होता. मी त्याला व्हरांड्यात गाठून कारण विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "सर, माह्यं काही नाही. पन आमच्या घरी समजलं तर बोलतीन."

त्याच वेळी मी ठाम काही बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. आठ दिवस मी नुसता गप्प राहिलो, आणि त्या आठ दिवसांत कामरगावच्या पोराशी कोणी जोड धरत नव्हतं. तो एकटाच जोर-बैठका काढायचा, हौद्याला पाणी मारायचा आणि वर्गात जायचा. त्यानं कधी तक्रार केली नाही. नवव्या दिवशी मीच लंगोट लावून हौद्यात उतरलो. गुडघ्याला पट्टी बांधली होती. त्यानं मला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा पाडल्यावर हात पुढे केला आणि म्हणाला, "सर, तुमचा गुडघा दुखून राह्यला. बसा आता."

ही गोष्ट कॉलेजभर झाली. पंधरा दिवसांनी पाटलाचा मुलगा सकाळी येऊन उभा राहिला. "घरी काय सांगितलं?" मी विचारलं. "काही नाही सांगितलं," तो म्हणाला, "सरायले पाडनारा कोन हाय ते पाह्यले आलो." त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांची जोड झाले. बाकीचे तिघं मात्र परत आले नाहीत.

त्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेसाठी मी तिघांना घेऊन अमरावतीला गेलो. मनात पक्कं होतं की निदान एक तरी बक्षीस येणार. स्पर्धेच्या जागी गेलो तर माती नव्हतीच. सभागृहात गादी अंथरलेली, तिच्यावर गोल आखलेला, खेळाडूंच्या पायांत बूट. आमची पोरं अनवाणी उभी. गादीवर कुस्ती होते एवढं मी ऐकलं होतं, पण पाहिली कधीच नव्हती. आमचे तिघंही पहिल्याच फेरीत हरले. कामरगावचा तर सगळा वेळ समोरच्याला चीत करायला झटत होता. समोरचा हुशार. वाकून पाय धरायचा, मागं जायचा, गुण घ्यायचा. वेळ संपली आणि पंचानं त्याचा हात वर केला, तेव्हा आमचा पोरगा नुसता बघत राहिला.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सर, माह्यी पाठ तर टेकलीच नाही. मंग मी हारलो कसा?"

मी म्हणालो, "मले बी माहीत नाही."

शिक्षकानं असं म्हणायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण खोटं बोलवलं नाही. तो म्हणाला, "मंग शिकू ना सर. तुमी बी, मी बी."

नियमांचं पुस्तक खटपट करून मिळवलं, तर ते सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी कामापुरतंही नव्हतं. आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे गेलो. बारीक अंगकाठीचे, जाड चष्म्याचे, उन्हात छत्री घेऊन फिरणारे. कुस्ती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कॉलेज सुटल्यावर एका वर्गात आम्ही बाकं भिंतीला लावायचो. ते खुर्चीवर बसून एकेक ओळ वाचून मराठीत सांगायचे आणि आमची दोन पोरं ती करून दाखवायची. मागं जाऊन ताबा घेतला की गुण. पाठ जमिनीकडे वळवली की जास्त गुण. नुसतं टाळत राहिलं की ताकीद. महिनाभरात प्राध्यापकसाहेब इतके तयार झाले की पोरांची हालचाल पुरी व्हायच्या आत गुण पुकारायचे. एकदा मी दिलेला निर्णय त्यांनी पुस्तक उघडून फिरवला, आणि बरोबर तेच होते.

पण फरशीवर कुणाला आपटता येत नाही. गादी हवी होती. ती मागवावी एवढी कॉलेजची ऐपत नव्हती. तेव्हा पाटलाच्या मुलानंच सुचवलं, "सर, आपल्या गावात कापूस काय कमी हाय? शिवून घेऊ."

जुन्या बाजारात एक म्हातारे पिंजारी होते. गावातल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या त्यांच्या हातच्या. मी माप सांगितलं तेव्हा त्यांनी कापूस पिंजायची धनुकली बाजूला ठेवली.

"इतक्या मोठ्या गादीवर किती जन झोपतीन?"

"दोघंच, चाचा. पन झोपायले नाही. एकमेकाले पाडायले."

ते हसले नाहीत. दाढी खाजवत विचार करू लागले. "वजन किती राहीन दोघायचं? पाय रुतला तर चालते का?" त्यांच्या त्या प्रश्नांनीच मला कळलं की माणूस बरोबर आहे. प्राचार्यांनी कॉलेजच्या संस्थेवरच्या एका जिनवाल्यांना, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या मालकांना, शब्द टाकला. त्यांच्या आवारात खाली पडून मळलेला कापूस होता, तो त्यांनी दिला, आणि गाड्यांवर टाकायची जुनी ताडपत्रीही. कुस्तीला नको म्हणणारे प्राचार्य त्या दिवशी स्वतः गाडीबरोबर कॉलेजात आले.

पहिली गादी फसली. पाय घोट्यापर्यंत आत जायचा. चाचा कॉलेजात आले, कोपऱ्यात उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाडा एकाले." पाटलाच्या मुलाला पाडलं. चाचांनी मान तिरपी करून आवाज ऐकला. "फिरून पाडा." असं चार वेळा झालं. मग म्हणाले, "आवाज पोकळ येऊन राह्यला. खाली काथ्या पाह्यजे, वर कापूस. अन् टाके जवळ जवळ." सगळी गादी त्यांनी उसवली आणि वर्गात बसून आठ दिवसांत नव्यानं भरली. टाक्यांच्या गाठी कोपरं सोलायच्या, म्हणून वरून ताडपत्री ताणून खाली आवळली. ती गादी कुठं उंच, कुठं सखल होती. पण पाय ठरायचा आणि पाठ वाचायची.

गादी झाल्याचं ऐकून कामरगावच्या पोराची आई एका बाजाराच्या दिवशी कॉलेजात आली. दारात थांबून म्हणाली, "सर, मी आत येऊ का?" मी या म्हणालो. ती गादीच्या कडेला बसली, हातानं दाबून पाहिली. "इतकी नरम हाय तं मंग हा रोज अंग दुखते म्हून काहून सांगते?" पोरगं लाजलं. मी त्याला आईसमोर एक डाव करून दाखवायला सांगितलं. त्यानं पाटलाच्या मुलाचा एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून त्याला खाली घेतलं. तिनं आधी पडलेल्या मुलाला विचारलं, "लागलं का रे बावा?" तो म्हणाला, "नाही काकू, सवय हाय मले." जाताना तिनं पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा दोघांनाही ओंजळीनं दिल्या. पाटलाच्या मुलासमोर तिचा हात जरा थांबला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि तिथंच फोडून खाल्ल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा अमरावती. पाटलाचा मुलगा पहिल्या फेरीत हरला आणि मग दिवसभर जोडीदाराचं टॉवेल-पाणी बघत बसला. कामरगावचा पहिल्या दोन कुस्त्या जिंकला, तिसरी एका गुणानं हरला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत तो मागे पडला होता. मी कडेवरून ओरडायला तोंड उघडलं आणि थांबलो. कारण तो घाबरलेला दिसत नव्हता, तो मोजत होता. शेवटच्या मिनिटात त्यानं पाय धरला, मागे गेला, ताबा घेतला आणि सोडला नाही. या वेळी पंचानं त्याचा हात उचलायच्या आधीच त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

त्यानंतर कॉलेजात कुस्तीला कुणी जत्रेतली गोष्ट म्हटलं नाही. शेवटच्या वर्षाला असताना त्याला अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. मनातून मला वाटत होतं की त्यानं अजून एक वर्ष इथं थांबावं. पण मी अर्ज भरायला लावला, आणि त्याला प्रवेश मिळाला. पुढे तो एका आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक झाला.

तो जायच्या आधीच्या महिन्यात मला विषमज्वर झाला. तीन आठवडे मी घरी पडून होतो. सराव बंद पडला असणार असं मी धरूनच चाललो होतो. अंगात उठायचं बळ आलं त्या पहिल्या सकाळी भिंतीला धरत कॉलेजात गेलो, तर आतून धापा टाकल्याचे आणि मोजल्याचे आवाज येत होते. त्यानं नव्या पोरांना दोन रांगांत बसवलं होतं, आणि मी शिकवायचो त्याच्या उलट क्रमानं डाव घेत होता. आधी सुटका, मग पकड. पंधरा मिनिटं मी दाराशी उभं राहून पाहिलं. त्याची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती.

त्यानं मला पाहिलं आणि थांबला. "सर, चुकून राह्यलं का काही?"

"नाही," मी म्हणालो. "असंच चालू दे. मी इथं बसतो अन् पाहतो."