दसऱ्याची उचल आणि रविवारची निवड

मोहने गावातल्या व्यायामशाळेत निशा कबड्डीच्या मुलींकडून ताकदीचा सराव करून घेते. जमिनीवरचा बार सरळ पाठीने उचलायचा, ती डेडलिफ्ट. पण रोज तीच आणि तशीच, हे निशाला पटत नाही. सोमवारी जड, पण मोजक्याच वेळा. गुरुवारी हलकी, गुडघे जेमतेम वाकवून कंबरेतून झुकायचं, मांडीची मागची बाजू ताणली गेली पाहिजे. पकड करणाऱ्या मुलींना पाय फाकवून, कारण मॅटवर त्या तशाच उभ्या असतात. चढाईवाल्यांना एका पायावर, हातात डंबेल घेऊन. पाठ वाकली की बार खाली. मग मुलगी कोणाच्याही घरची असो.

सामने जवळ आले की ती बारवरचं वजन कमी करते. "ताकद कमवायचे दिवस संपले," ती म्हणते. "आता पाय ताजे ठेवा."

यंदा जिल्हा संघाची निवड रविवारी होती आणि त्याआधीच्या गुरुवारी दसरा. दसऱ्याला गावात 'उचल' असते. देवळासमोर प्रत्येक घरातल्या एकाने जमेल तेवढा जड बार उचलायचा. निशाच्या मुलींपैकी अक्षदाचं घर दोन वर्षं पहिलं आलेलं. यंदा निशाने तिला जड उचलायला मनाई केली. गेल्या वर्षीही ती नको म्हणाली होती, कोणी ऐकलं नाही. तीन दिवसांनी निवडीला अक्षदाचे पाय उठेनात आणि तिचं नाव गळलं. यंदाचं तिचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं.

खंडेनवमीला वजनांना हार घालताना अक्षदाचे काका परशुराम म्हणाले, "काय गो निशा, उद्या आमच्या घराने काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?" ते व्यायामशाळेचे अध्यक्ष.

"अक्षदा उचलेल ना, काका. पण निम्मं वजन. तीनदा, झपकन."

"निम्मं? लोक हसतील ना!"

"हसू देत. ते काय संघ निवडतात?"

दसऱ्याला लोक हसलेच. अक्षदाने बार तीनदा उचलला, वेगाने, आणि आवाज न करता ठेवला. शेजारच्या घरचा नयन ओरडला, "अगं, भाजीची पिशवी आणलीस काय बाजारातून?" परशुराम देवळाच्या कळसाकडे बघत राहिले. अक्षदाचे कान लाल झाले.

ती निशाजवळ आली. "ताई, एकदाच. दोन प्लेटा वाढवते, त्याचं तोंड बंद होईल."

"वाढव," निशा म्हणाली. "बार तुझा, रविवारही तुझाच."

अक्षदाने प्लेट हातात घेतली. नयन शीळ घालत होता.  मग प्लेट जागेवर ठेवून ती चपला शोधायला गेली. सगळ्यांत जड बार नयनने उचलला. पहिल्या येणाऱ्याचा मानाचा फेटाही त्यालाच मिळाला.

रविवारी कल्याणला निवडीच्या सामन्यात अक्षदा राइट कव्हरला, म्हणजे उजवीकडच्या पकडीच्या जागेवर, उभी होती. समोरच्या संघाची चढाईवाली उंच आणि दांडगी होती. पहिल्या डावात अक्षदाने तिचा घोटा धरला, तेव्हा ती सुटून गेली. दुसऱ्या डावात अक्षदाने दोन्ही मांड्यांना मिठी घातली. चढाईवालीने मध्यरेषेकडे हात लांबवला. अक्षदा आणखी खाली बसली, पाठ ताठ केली आणि पायांच्या जोरावर तिला मागे ओढलं. बोटं रेषेच्या अलीकडेच राहिली. सामना संपेपर्यंत अशा आणखी दोन पकडी झाल्या. तिचे पाय शेवटपर्यंत उठत होते.

संध्याकाळी नावं पुकारली. राइट कव्हर, अक्षदा. परशुराम शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून सांगत होते, "आमच्या घरची पोर आहे ती. आमच्याच व्यायामशाळेत तयार झाली."

मग निशाकडे वळून म्हणाले, "आता तरी उद्या जड लावशील ना?"

"उद्या नाही," निशा म्हणाली. "थकलीय ती. उद्या झोपू दे."

परशुरामांनी मान डोलावली आणि तेच वाक्य, जणू त्यांचंच असावं तसं, त्या अनोळखी माणसाला ऐकवलं.