गोळीविना महालक्ष्म्या

आमच्या जाऊबाई पाळी आली की घरभर सांगत. सासऱ्यांसमोरसुद्धा. "मले पाळी आली हाये, आज देवाचं कोणीतरी पाहा," म्हणत आणि डबा उचलून शाळेत निघत. वणीच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवीत. मी तेव्हा नवी सून. लाजेने मीच मान खाली घालायचे.

महालक्ष्म्यांचं सोवळं आमच्याकडे कडक. सण जवळ आला की सासूबाई पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या माझ्या उशाशी ठेवत. जाऊबाईंना द्यायची त्यांची छाती नव्हती. महालक्ष्म्या झाल्या, नवरात्र झालं, मग नणंदेचं लग्न. मी मुकाट्याने गिळत गेले. पुढे पाळीचा ताळमेळच सुटला. मला मूल हवं होतं, आणि मी न्हाणीघरात तोंड दाबून रडत होते.

जाऊबाईंनी ते ऐकलं आणि मला थेट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्यांत दुसरं काही निघालं नाही. मनाने गोळ्या घेणं मात्र बंद करायला सांगितलं. परतताना जाऊबाईंनी ऑटोतच वर्ग भरवला.

"मेंदूखाली एक बारकी ग्रंथी हाये. तिचा निरोप गेला का अंडाशयात अंडं पिकते. ते सुटलं का तिथूनच एक हार्मोन निघते, गर्भाशयातली गादी धरून ठेवते. गर्भ नाही राह्यला तं हार्मोन उतरते, गादी सुटते. तेच पाळी. तुह्या गोळीत तसंच हार्मोन हाये. दर सणाले मेंदूले खोटा निरोप देऊन राह्यली तू. मंग गडबड नाही होईन तं काय?"

ऑटोवाला कान देऊन ऐकत होता. मी त्यांना कोपराने ढोसलं. "आयकू दे नं. त्याच्याबी घरी बायको असन!"

गोळ्या सुटल्या, पाळी हळूहळू ताळ्यावर आली, आणि नेमकी पुढच्या पूजनाच्या सकाळीच आली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "देवी कोपन!"

"कोपाची असती तं गोळ्या चारल्या तवाच कोपली असती," जाऊबाई म्हणाल्या आणि आमच्या दोघींच्या नवऱ्यांकडे वळल्या. "तुम्ही काय नुसतं पानावर बसाले आहा? चला, पुरण वाटा."

माझ्या नवऱ्याने पुरण वाटलं. गुठळ्या राहिल्या, पण नैवेद्य झाला.

पुढे मला लेक झाली. तरी जाऊबाईंचे उपकार म्हटले की मला त्या पूजनाच्या दिवसाची संध्याकाळच आठवते. मी मागच्या पडवीत एकटी बसले होते. सासूबाई माझं ताट घेऊन आल्या, थोडं अंतर राखून टेकल्या.

"पोट दुखते काय वं?"

मी मान डोलावली. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"माह्यं बी लय दुखे," त्या म्हणाल्या. "मले कोणी इचारलंच नाही."