हात पाठी

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली आणि अक्षर तेव्हा होतं तसंच राहिलं, कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं. ही वही कोणाला दाखवायची नाही, पेटीत पातळांच्या खाली राहायची आहे. तरी माफी मागून ठेवते. कागद चांगला आहे, त्याचं वाईट वाटतं.

वही कामावरची आहे. तिची पुढची पानं भरली, मागची कोरी राहिली, ती मला मिळाली. मालवणच्या पुढे सुरूच्या बनामागे म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ते एक घर आहे, तिथे मी काम करते. अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. दुपारी तिथे सगळं झोपेत असतं. सुरूंचा आवाज समुद्रासारखा येतो आणि समुद्राचा सुरूंसारखा, कुठला कुठला ते मला अजून सांगता येत नाही. पडद्यातून आलेला उजेड भिंतीवर हलायला लागला की वाटतं, आम्ही सगळे खाटांसकट एका होडीत आहोत आणि होडीला कुठे जायची घाई नाही.

शिमग्यानंतर घाटावरून एक मॅडम आल्या, आम्हाला शिकवायला. पंधरा दिवस राहिल्या. आम्हाला वाटलं इंजेक्शन द्यायला शिकवतील. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि म्हणाल्या, "हात पाठीमागे घ्या."

माझ्याबरोबर काम करणारी एक मोठी बाई आहे, तिला सगळे वयनी म्हणतात. ती माझ्या कानात म्हणाली, "आता काय अंगठे धरूक लावतली?"

मॅडमनी ऐकलं असावं. म्हणाल्या, "तुम्ही फार चांगलं काम करता. इतकं चांगलं, की या माणसांना स्वतः करायला काही उरतच नाही. जो हात वापरला नाही, तो विसरत जातो. म्हणून आधी थांबायचं. हात पाठीमागे, मनात दहा मोजायचे. तेवढ्यात त्यांनी केलं तर केलं. नाही झालं तर लागेल तेवढीच मदत."

"म्हणजे म्हाताऱ्या माणसाक डोळ्यांदेखत धडपडूक देवचा?" वयनी म्हणाली. "लोक काय म्हणतले? पगार कसलो घेतत?"

"लोकांना सांगा, काम चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी प्रत्येकीला एक वही दिली. आपल्या माणसाने आज स्वतः काय केलं, एवढंच रोज लिहायचं. आपण काय केलं ते लिहायचं नाही. लिहायचं म्हटल्यावर मी वही पदराखाली लपवली.

माझ्या वाट्याला आये आली, तिथे सगळेच तिला आये म्हणतात. आयेने जन्मभर बंदरावर मासे घेतले आणि डोक्यावरच्या टोपलीतून गावोगाव विकले. गेल्या दिवाळीनंतर अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू पडली. मुलगा ट्रकवर, सून काजूच्या कारखान्यात, घरात दिवसभर कोणी नाही, म्हणून तिला इथे आणलं. सून वाईट नव्हती. ठेवून जाताना ती म्हणाली होती, "आये, आपल्या हातान जेवलात आणि काठी घेवन घरामागच्या परड्यापर्यंत गेलात, की चवथीक येवन तुमका न्हेतंय." आये हे रोज सकाळी एकदा म्हणायची, जप म्हटल्यासारखं. तिला घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

खिडकी मात्र ती उघडू द्यायची नाही. "वाऱ्यान एकदा हात न्हेलो. आता काय पाय न्हेवक येतलो?"

मॅडम येईपर्यंत मी तिला भरवत होते. बांगड्याचा एकेक काटा काढून, भात कुस्करून, बोराएवढा घास. ती चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मी कोणाशी फार बोलत नाही. भरवताना बोलावं लागत नाही.

मॅडमनी तिच्यासाठी जाड दांड्याचा चमचा आणला.

"चमचो कित्याक? माका काय ताप इलो?" आये म्हणाली. "बांगडो कोण चमच्यान खाता?"

मग मणी आणले, कपडे वाळत घालायचे चिमटे आणले, बोटांना सवय व्हावी म्हणून. आयेने ते डाव्या हाताने बाजूला केले. "ह्यो पोरांचो खेळ. माका घराक जावचा आसा."

एका दुपारी मी तिच्या खाटेजवळच्या टेबलावर एसटीसाठी सुटे मोजत बसले होते. एक डबा आहे माझा, त्यात रुपये साठवते. आये अर्धवट झोपेत होती. नाण्यांचा आवाज झाला आणि तिचं उजवं बोट चादरीवर हललं. थोडंसंच. पाण्याखालची वाळू हलते तेवढं. मी आणखी एक नाणं टाकलं. पुन्हा हललं. मी किती वेळ नाणी टाकत राहिले कोण जाणे, भिंतीवरचा उजेड पार दारापर्यंत गेला होता.

मॅडमना तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. वहीत लिहिलं, "आयेचं बोट हाललं. पैसे वाजले म्हणून." मॅडमनी ते सगळ्यांसमोर वाचलं.

"पैसे वाजले की मेल्याचीसुद्धा बोटां हालतली," वयनी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला सुचलं नसतं. चिमटे राहू देत. पैसेच घ्या."

मी डबा आयेसमोर ठेवला.

"कोणाचे?"

"माझे."

"किती?"

"पन्नास."

"फुकट नको. उसने दी," आये म्हणाली. "एकेक करून फेडतंय. ह्याच हातान."

मग ठरलं ते असं. नाणं तिने उजव्या हाताने उचलायचं आणि माझ्या तळव्यावर ठेवायचं, मग मी ते डब्यात टाकायचं. खाली पडलं तर पोचलं नाही. डाव्या हाताने दिलं तर पोचलं नाही.

पहिलं नाणं पोचायला किती दिवस गेले ते वहीत आहे, मोजायला नको वाटतं. बोट नाण्यावर यायचं, नाणं सरकायचं, बोट परत यायचं. माझा एक हात तळवा उघडून पुढे आणि दुसरा पाठीमागे. मी दहा मोजायचे, परत दहा मोजायचे. मोजता मोजता आकडे सुरूंच्या आवाजात मिसळून जायचे आणि मी कधी बंदरावर असायचे, कधी आमच्या शाळेच्या पडवीत. थांबायची मला सवय होती. कोणी काही विचारलं की मी लहानपणापासून थांबतेच, आणि तोवर दुसरं कोणीतरी बोलून जातं. शाळेत यासाठी मार खाल्ला. हे कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मॅडम गेल्या. जाताना व्यवस्थापकांना सांगून गेल्या, नवीन मुली येतील त्यांना हिने शिकवायचं. हिने म्हणजे मी. त्या रात्री मी जेवले नाही.

पावसाच्या सुरुवातीला माझ्याकडून एक चूक झाली. आयेची बोटं नाण्याच्या कडेशी येऊन थरथरत होती, कपाळावर घाम आला होता. मला बघवलं नाही. मी माझ्या बोटाने नाणं हळूच तिच्या चिमटीत सारलं. तिने ते माझ्या तळव्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ढकललंस."

मी तळव्यावरच्या नाण्याकडे बघितलं.

"तुझो रुपयो तूच घेतलंस. माझो खंय पोचलो?" डाव्या हाताने तिने नाणं परत ढिगात टाकलं. "दया करतंस गो माझी? बाजारात कोणी दया केल्यान तर मी शिळो मासोसुद्धा दिलंय नाय तेका."

दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून होती. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "आज आयेने काही केलं नाही. मी केलं." लिहिल्यावर समजलं की मॅडम पंधरा दिवस काय सांगत होत्या.

आषाढात ताजी मासळी नसते. भात, सोलकढी आणि भाजलेला सुका बांगडा होता. मी सवयीने काटे काढायला हात पुढे केला आणि पाठीमागे नेला. आयेने बांगड्याचा तुकडा उजव्या हाताने मोडला. भात सांडला, कढी हनुवटीवरून आली. मग तिच्या तोंडात काटा गेला. ती चावायची थांबली. मी पाठीमागे स्वतःचं मनगट घट्ट धरलं. दोन, तीन, चार. सातव्याला तिने जिभेने काटा ओठांवर आणला, दोन बोटांनी काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला, जसा कोणीही ठेवतो.

"काय बघतंस?" ती म्हणाली. "काटो तो काटोच."

श्रावणात दोन नवीन मुली आल्या. शिकवायचं म्हणजे बोलणं आलं. मी त्यांना फक्त आयेच्या खाटेशी नेलं आणि त्यांचे हात धरून पाठीमागे ठेवले. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी आयेकडे. आता पायही धरायला लागला होता. काठी घेऊन आये दारापर्यंत जायची, मग पडवीपर्यंत, आम्ही तिघी मागून हात बांधून. वयनी म्हणायची, "पोलीस पाटलाची वरात चालली."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा रिक्षा घेऊन आला. सूनही होती, तिच्या हातात गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान, घाईत. आये नवं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती. समोर टेबलावर सात रुपये उरले होते.

"चल आये," मुलगा म्हणाला. "रिक्षावालो थांबूक तयार नाय."

"सात ऱ्हवलेत."

"सात काय?"

"हिचे रुपये. फेडूक होये."

मुलाने खिशातून दहाची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. "हे घेवा बाई. तीन ऱ्हवांदेत तुमका." मग तो वाकला आणि आयेला काखेतून धरून उठवायला लागला.

मला माहीत नाही माझा आवाज कुठून आला. मी म्हटलं, "थांबा. हात पाठी घेवा."

मोठ्याने म्हटलं. नवीन मुलींनी दचकून आपलेच हात पाठीमागे घेतले. मुलाने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. सुनेने आधी हात पाठीमागे नेले. मग त्याने. नोट त्याच्या पाठीमागच्या मुठीत गेली.

आये म्हणाली, "बाय, खिडकी उघड जरा. दिसाक होया."

मी उघडली. इतक्या महिन्यांनी वारा आत आला, पडदा फुगला, भिंतीवर उजेड हलला. आयेने वाऱ्याकडे तोंड केलं, जसं जुन्या ओळखीच्या माणसाकडे करतात. "इलंस?" ती त्याला म्हणाली.

मग तिने पहिलं नाणं उचललं. दुसरं. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला, कोणी गेलं नाही. चौथं खाली पडून खुर्चीखाली गेलं. नवीन मुलगी वाकणार होती, थांबली. आयेने काठीने ते स्वतःच ओढत ओढत पायाशी आणलं आणि वाकून उचललं. तिच्या कानामागून घाम उतरत होता. मुलगा डोळे मिटून उभा होता. ओठ हलत होते, तोही मोजत असावा.

सातवं नाणं माझ्या तळव्यावर आलं तेव्हा ते गरम होतं. तिची बोटं माझ्या हातावर थोडा वेळ तशीच राहिली.

"मोज," ती म्हणाली.

मी डबा ओतला आणि सगळ्यांसमोर मोजले, एकेक करून, मोठ्याने. पन्नास भरले.

"फिटले?"

"फिटले, आये."