हर्ट्झ म्हणजे दुखणं नव्हे

विमान खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून तळ्याला लागून तळं दिसलं, आणि मधल्या जागेत घरं. एवढ्या पाण्यात हे विमान उतरणार कुठे, या काळजीनं मी डोळे मिटून घेतले.

निघण्याआधी संदीपनं, माझ्या मुलानं, फोनवर तीन इंग्रजी शब्द पाठ करून घेतले होते. वॉटर, हेल्प आणि हर्ट्स. "दुखेल तिथं हात ठेवायचा आणि हर्ट्स म्हणायचं, आई." माझी शाळा चौथीपर्यंतची. वाटभर शब्द घोकले, पण एकही तोंडातून निघाला नाही. पाणीसुद्धा मी खुणेनं मागितलं.

संदीप राहतो त्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत घरं एकसारखी आणि रस्त्यावर माणूस नाही. सून नेहा बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. मी आल्या दिवसापासून स्वयंपाकघर धरलं. अळिवाची खीर जमली. दुसऱ्या दिवशी मेथीला लसणीची फोडणी दिली आणि छताला बसवलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. माझ्या हातून झारा पडला. नेहा धावत आली, टॉवेलनं वारा घालत म्हणाली, "आई, एक्झॉस्ट ऑन करायचा ना आधी!"

शेजारच्या खोलीत बाळ झोपलं होतं. मी पाहायला गेले. उजवा कान गादीत दाबून झोपलेल्या चार्वीची पापणीसुद्धा हलली नव्हती.

नेहा माझ्या मागेच उभी होती. "हॉस्पिटलमध्ये कानाची टेस्ट फेल झाली होती," ती म्हणाली. "कानात पाणी असेल म्हणाले. परवा परत अपॉइंटमेंट आहे."

 माझा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा होता. संदीप जन्मायच्या आधीच तो गेला. माहेरी त्याचं नाव काढत नसत. सोयरिकी मोडतात म्हणून. मीही कधी काढलं नाही, नेहाच्या घरी बोलणी झाली तेव्हाही नाही.

संदीपला कामासाठी दुसऱ्या राज्यात, अर्विंगला जावं लागलं, म्हणून दवाखान्यात आम्ही दोघीच. नेहा फॉर्म भरत होती. भरता भरता तिनं विचारलं, "आई, तुमच्याकडे लहानपणापासून कोणाला ऐकू येत नव्हतं असं काही?" मी मान हलवली. नाही. तिनं फॉर्मवर खूण केली आणि पान उलटलं.

ऑडिओलॉजिस्ट (कान तपासणारी बाई) पिकल्या केसांची होती. दाना तिचं नाव. लूपे नावाची मदतनीस होती. त्यांनी चार्वीच्या कपाळाला, कानामागे वायरी चिकटवल्या, कानात बारीक नळ्या घातल्या आणि तिला माझ्या मांडीवर झोपवलं. बाळ झोपलेलं हवं, हलता कामा नये. दिवे मंद केले. नेहा बाळासाठी अंगावरचं दूध काढायला पलीकडच्या खोलीत गेली.

दाना पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "वन थाउजंड हर्ट्झ." लूपेनं लिहून घेतलं. मग, "टू थाउजंड हर्ट्झ."

हर्ट्स? मी बाळाकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"फोर थाउजंड हर्ट्झ."

चार हजार! माझे हात माझे राहिले नाहीत. "नो हर्ट्स!" मी ओरडले आणि वायरी ओढून काढल्या. चार्वी जागी होऊन रडू लागली. नेहा धावत आली.

"आई, काय केलंत हे! अर्ध्या तासाची टेस्ट!"

"दुखवत होत्या तिला. सारख्या हर्ट्स म्हणत होत्या."

नेहानं कपाळावर हात मारला, आणि मग तिला हसू फुटलं. तिनं सांगितल्यावर दानाही हसली, पण माझ्याजवळ बसली. ती बोले आणि नेहा मला सांगे. "त्या लिथुआनियाच्या आहेत. त्यांच्याकडे म्हणतात हेर्त्सास. शब्द कुठल्या तरी माणसाच्या नावावरून आलाय. दुखण्याशी संबंध नाही."

"आमच्या मेक्सिकोत ह म्हणतच नाहीत," लूपे म्हणाली, तेही नेहानंच सांगितलं. "नुसतं एर्त्स."

"पण म्हणजे काय?" मी विचारलं.

दानानं माझी बोटं उचलून माझ्याच गळ्यावर ठेवली. "बोला." मी बाळाला "उगी उगी" म्हटलं. बोटांखाली थरथर झाली. "ही थरथर एका सेकंदात किती वेळा होते, ते हर्ट्झ."

दादा असाच माझ्या गळ्याला हात लावायचा. मी बोलतेय की नाही, ते त्याला तसं कळायचं. मला रडू आलं.

"आई, अहो, कोणी रागावलं नाही तुमच्यावर."

"मघाशी मी खोटं बोलले," मी म्हटलं. "माझा भाऊ बहिरा होता. जन्मापासून."

 नेहानं रडणाऱ्या चार्वीला माझ्याकडून घेतलं, तेव्हा वाटलं, आता ही मला बाळाला हात लावू देणार नाही. ती फॉर्म मागून घेऊन त्यावर वाकली. वर न बघता म्हणाली, "नाव काय होतं त्यांचं?"

"गणपत."

फॉर्मवर नाव लिहायला जागा नव्हती. तिनं कडेला लिहिलं.

चार्वी दूध पिऊन झोपली आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. उजवा कान चांगला आहे. डाव्याला हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यापुढे नाही. ऐकायचं यंत्र लागणार. त्यासाठी कानाचा साचा घेऊन झाला आणि माझ्या परतीची तारीख आली. विमानतळावर नेहा म्हणाली, "मामांचं संदीपला मी काही सांगितलं नाही. तुम्हीच सांगा." मी मुंबईला उतरल्यावर त्याला फोन करून दादाचं सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मामाचा फोटो आहे का गं कुठे?"

गावी पोचले तशी शेजारची शेवंता आली. "अमेरिका कशी गं? नात कशी?"

सगळं छान, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, "गोड आहे. डाव्या कानाला यंत्र लागतंय. ऐकू न येणं माझ्या माहेरकडून आलंय."

 शेवंतानं उठून दार लोटलं, परत येऊन जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्या धाकटीला पण कमी येतं गं ऐकू."