याचा मामा अकोल्याले राहिला

७ जून. काल प्रयोगशाळेतला जुना संगणक साफ करायला घेतला. वापरात नसलेली पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, काढायला त्याला सांगितली. लांबलचक यादीखाली, एवढी सगळी काढू का, असं पडद्यावर आलं. माझं बोट ‘हो’वर गेलं आणि कानात आवाज आला, “मॅडम, यादी वाचली काय?”

तो आवाज ज्यांचा, ते आमच्या अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतले संगणक सांभाळायचे. राहायला अकोल्यात, जुन्या शहरात. इंटरनेट तेव्हा नावापुरतं, म्हणून पॅकेजेस सीडीवर यायची आणि सीडी त्यांच्या जेवणाच्या डब्यातून. वरच्या कप्प्यात सीडी, खालच्यात ठेचा-भाकर. आमच्या छपाईला ठेच्याचा वास यायचा.

एका शुक्रवारी मी संगणकावरचा पत्त्यांचा खेळ काढून टाकला. हात चालताच होता, तर एक अनोळखी नावाचं पॅकेजही काढलं. त्याच्याच जोरावर छपाई चालत होती, हे मला काय माहीत! दुसऱ्या दिवशी शेतकरी मातीचे अहवाल न्यायला येणार होते. दोन वर्षं पेरणी फसलेली. यंदा अहवाल पाहूनच बियाणं घ्यायचं, असं मीच त्यांना बजावलं होतं.

मी फोन केल्यावर शनिवारी सकाळच्या एसटीनं ते अकोल्याहून आले. बाक माणसांनी भरलेले. सीडी घातली, पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“हा एकटा येत नाई. याले मामा लागते.”

“मग घाला ना मामाला!”

“याचा मामा अकोल्याले राहिला, मॅडम.”

मामा म्हणजे सोबत लागणारं दुसरं पॅकेज; त्याची सीडी आणायला ते आल्या पावली परत गेले. मी हातानं अहवाल लिहायला बसले. सात अहवाल झाले तेव्हा बोटं आखडली. बाकावरचं कोणी उठलं नाही. पाच वाजता ते डबा छातीशी धरून आले. मामा आत गेला, पहिला कागद बाहेर आला.

पण छपाई थांबवून म्हणाले, “आता काय काय बसलं, त्याची यादी वाचा. मोठ्यानं.”

वाचली. ती इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात. तिसऱ्या नावाला बाकावरून एक म्हातारा ओरडला, “हजर!” मग प्रत्येक नावाला सगळे बाक, “हजर!”

शेवटचं नाव पत्त्यांच्या खेळाचं होतं.

“हा कशाला परत?”

“त्यानं तुमचं काय बिघडवलं होतं?”

ते जाऊन चार वर्षं झाली. काल मी ‘नाही’ दाबून संगणक बंद केला.

आज सकाळी कोणी यायच्या आत यादी मोठ्यानं वाचली. कोणी हजर म्हणालं नाही. सतरावं नाव त्या खेळाचं निघालं. तेवढं वगळलं आणि मग ‘हो’ दाबलं.