आऱ्याचं वजन

वलगावच्या सहदेवला कुणाचंही लाकूड एका नजरेत पटत नसे. गाडीचं जू असो की आस, लोक आधी त्याच्याकडे आणत. तो बोटाच्या पेरानं वाजवी, वास घेई, आसेला काजळ फासून चाक फिरवी आणि काजळ कुठं पुसलं ते पाही. मग म्हणे, “घेऊ नका.” गावात त्याचा संशय ज्ञान म्हणून चालत होता.

लढाईचे दिवस होते, नवं लोखंड मिळत नव्हतं. सहदेवच्या गाडीचं एक चाक खिळखिळं झालेलं. त्यावर अमरावतीच्या बाजाराला वांग्यांच्या आणखी दोन खेपा झाल्या तरी पुष्कळ. जुनीच लोखंडी धाव चढवून नवं चाक कर, असं त्यानं देवीदास सुताराला सांगितलं. देवीदासनं बाभळीचे बारा आरे तासले. सहदेव त्यातला एक पारखायला घरी घेऊन आला.

पाणी उडालं की वजन घटतं, हे भाजी विकणाऱ्याला सांगावं लागत नाही. देवीदास मागून गुपचूप त्याच्या जागी सुका आरा आणून ठेवेल, म्हणून त्यानं तो रात्रभर वांग्यांच्या पोत्यांखाली दडवला. सकाळी तराजूत घातला. चार दिवस उन्हात ठेवून पुन्हा तोलला. छटाकभर कमी.

“देवीदास ओली बाभूळ देते,” तो पारावर सगळ्यांदेखत म्हणाला. “उन्हाळ्यात आरे ढिले पडतीन तवा समजन.”

खुशालराव तिथंच बसले होते. त्यांनी आपल्या छकड्याचं काम देवीदासकडून काढून घेतलं.

घरी पार्बताबाईनं नवऱ्याला विचारलं, “पयल्या दिवशी आरा कुठं होता?”

“पोत्याखाली.”

“त्या पोत्यायवर मी रोज दोन घागरी वतते. मंग लाकूड वाळलं का पोत्याचं पानी?”

हिला देवीदासनं शिकवलं तर नसेल, असं आधी त्याच्या मनात आलं. मग त्यानं पोत्याखाली हात घातला. जमीन गार होती, चिकट होती.

तो देवीदासच्या अंगणात जाऊन उभा राहिला. “चूक माही झाली. आरे कोरडेच हायेत.”

“मले काहून सांगून राहिला, भाऊ? मीच तं तासले.” देवीदासचा लाकूड तासणारा वाकस थांबला नाही. “पारावर सांग. खुशालराव असतीन तवा.”

सांगितलं तर काय जाणार, हे सहदेवला कळत होतं. तरी त्यानं पारावर खुशालरावांसमोर सांगितलं.

खुशालराव म्हणाले, “मंग मागच्या साली तुह्या सांगण्यावरून मी आस मोडीत देली. थेही असंच का?”

कुणीतरी हसलं. ती आस खरंच खराब होती का, हे आता सहदेवलाही ठाऊक नव्हतं.

छकड्याचं काम देवीदासकडे परत गेलं. चाक भरायच्या दिवशी सहदेव सवयीनं समोर बसला आणि त्यानं हात पुढे केला. देवीदासनं आरा त्याच्या हातात दिला नाही. सरळ चाकाच्या मधल्या तुंब्यात घालून ठोकायला लागला. तिसरा घाव जरा बद्द वाजला, असं सहदेवला वाटलं. त्यानं हात मागे घेतला.