काडीचं झाड

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सिविक सेंटरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. एक नवी लग्न झालेली विद्यार्थिनी रोज दुपारी टायपिंगच्या सरावाला यायची आणि मी जवळ गेले की पटकन मॉनिटर बंद करायची. ही आमच्या फ्लॉपी चोरून कॉपी करते, असा मला संशय होता.

एकदा मीच मॉनिटरचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यानं हिरवं झाड उगवत होतं.

"एकच काडी आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली. "तिले लहान करायचं, फिरवायचं, मग वर सरकवायचं. हेच पुन्हा पुन्हा करायचा प्रोग्राम लिहिला मी. आधी सरकवून मग फिरवलं, तर फांद्या भलतीकडेच जातात."

"मग लपवता कावून?"

"घरून टायपिंगसाठी पाठवतात. हे कळलं तर क्लास बंद."

तेवढ्यात तिला न्यायला आलेले सासरे मागे येऊन उभे राहिले.

"हे टायपिंग आहे?" त्यांनी मला विचारलं.

तिनं मान खाली घातली.

"मी मशीन तपासून राहिले, काका. त्यांचं टायपिंग झालं."

"तपासा मग. मी थांबतो."

त्यांनी खुर्ची ओढली. झाड भरत गेलं, तसं त्यांचं डोकं पडद्याकडे झुकत गेलं. मग माझ्याकडे न बघता ते तिला म्हणाले, "उजवीकडची फांदी राहिली, सूनबाई."